कुजणारे पर आणि जळकोटचे पाणी

डिस्कस हा मासा थाळीसारखा गोल आणि चपटा असतो. काचेच्या पेटीत तो पोहत नाही, तरंगत सरकतो. त्याचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर शरीराची गोलाई पूर्ण करतात, त्यामुळे पराला थोडी जरी इजा झाली तरी ती चटकन नजरेत भरते. आधी पराच्या कडेला दुधाळ रेघ दिसते. दोन दिवसांनी ती कड जुन्या धोतराच्या काठासारखी विसविशीत होते. मग परातला पातळ पडदा झडतो आणि आतले काटे केरसुणीच्या काड्यांसारखे उघडे पडतात. हौशी माणसे याला ‘फिन रॉट’ म्हणतात. मराठीत सरळ ‘पर कुजणे’ म्हणता येईल.

हे दिसले की पाळणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘औषध कोणते टाकू?’ या लेखाचे म्हणणे असे, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘पाण्याला काय झाले?’ हा असायला हवा. पर कुजणे हे बहुतेक वेळा पाण्याच्या दुखण्याचे माशाच्या अंगावर उमटलेले लक्षण असते. हे नीट समजून घ्यायचे, तर एखादे ठरावीक गाव आणि तिथले ठरावीक पाणी डोळ्यांसमोर ठेवावे लागते. त्यासाठी मी जळकोट निवडले आहे. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट नव्हे, तर धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे जळकोट. नावात जळ आहे, पण उन्हाळ्यात पाण्याची चिंता आहे, असे हे गाव.

दोन पाणी

डिस्कसचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतले ॲमेझॉनचे खोरे. योहान नाटरर या ऑस्ट्रियन संग्राहकाने रिओ निग्रो नदीच्या परिसरातून आणलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल याने १८४० साली या माशाला ‘सिम्फायसोडॉन डिस्कस’ असे नाव दिले. रिओ निग्रो म्हणजे काळी नदी. जंगलातला पालापाचोळा कुजून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आम्लता मात्र बरीच असते. सामू चार ते पाचच्या आसपास, तापमान अठ्ठावीस-तीस अंश. अशा पाण्यात जीवाणूंची वाढ तुलनेने मंद असते. या माशाची घडण अशा पाण्यात झाली.

जळकोटचे पाणी याच्या अगदी उलट. आपले सगळे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे, म्हणजे काळ्या बेसॉल्टचे. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून मुरत खाली जाते तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. बोअरचे पाणी जड का, हे घरातल्या बाईला प्रयोगशाळेविना ठाऊक असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. अशा पाण्याचा सामू साधारणपणे साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान असतो.

मासा आणि त्याचे पाणी यांचा एकत्र विचार करण्याची सवय या भागाला नवी नाही. जळकोटहून उमरग्याकडे आणि पुढे कर्नाटकाच्या हद्दीत गेले की बसवकल्याण लागते. ते चालुक्यांचे कल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याचे तंत्र असा त्याचा विषय. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. राजाचा हेतू शिकारीचा होता, शुश्रूषेचा नव्हे. पण मासा ओळखायचा तर तो कुठल्या पाण्यात राहतो आणि काय खातो तिथून सुरुवात करायची, ही त्याची रीत आपल्या कामाची आहे.

मग जळकोटच्या पाण्यात डिस्कस जगूच शकत नाही का? जगू शकतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक डिस्कस ॲमेझॉनमधून येत नाहीत. ते मलेशिया, थायलंडसारख्या देशांत किंवा भारतातच पिढ्यान् पिढ्या टाक्यांत पैदा केलेले असतात. मध्यम जड पाणी त्यांना चालते. सतत बदलणारे आणि घाण साचलेले पाणी मात्र त्यांना चालत नाही.

पर कुजतो म्हणजे काय होते?

माशाच्या परात हाडासारख्या सांधेदार काट्या असतात. दोन काट्यांमध्ये पातळ पडदा, आणि या सगळ्यावर त्वचा. त्वचेवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. मासा हाताला निसटतो तो या थरामुळे. हा थर माशाची पहिली तटबंदी आहे. डिस्कसच्या बाबतीत तर तो याहून अधिक काही आहे. या जातीत आई आणि बाप दोघेही अंगावरच्या श्लेष्म्यावर पिल्ले पोसतात. अंड्यातून निघून पोहू लागलेली पिल्ले पहिले काही आठवडे आईबापांच्या अंगाला चिकटून तो थर टोचून खातात. १९५९ साली हिल्डमन या संशोधकाने या संगोपनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची तुलना सस्तन प्राण्यांच्या दुधाशी केली. म्हणजे डिस्कसची त्वचा बिघडली, तर त्याची ढाल आणि त्याच्या पिल्लांचे अन्न दोन्ही बिघडले.

या तटबंदीला भगदाड पाडणारे शत्रू बाहेरून येत नाहीत. एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लॅव्होबॅक्टेरियम या जीवाणूंपैकी काही ना काही प्रत्येक टाकीत असतेच. निरोगी माशाचे ते काही बिघडवत नाहीत. अमोनियाने त्वचा जळली, क्लोरीनने श्लेष्मा ओरबाडला गेला, उष्णतेने प्राणवायू कमी पडला, की ते पराच्या कडेला हात घालतात. कड आधी कुजते, कारण तिथला पडदा सर्वांत पातळ आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी.

यातला फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे हा वेगळा ओळखायला हवा. अमेरिकेत डेव्हिस याने १९२२ साली त्याच्या रोगाचे वर्णन केले. हा जीवाणू कोमट पाण्यात जोरात वाढतो आणि जड पाण्यात अधिक चिवटपणे टिकतो. डिस्कसची टाकी कोमट, जळकोटचे पाणी जड. म्हणजे याला दोन्ही बाजूंनी आमंत्रण.

अमोनियाचा हिशेब

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरमधल्या स्पंजावर वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि ते पाणी बदलताना बाहेर जाते. हे चक्र नीट चालले, तर टाकी निरोगी राहते.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरे विषारी. दोहोंचे प्रमाण सामू आणि तापमानावर ठरते. तीस अंश तापमानाला सामू साडेसहा असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे पाव टक्काच विषारी रूपात असतो. त्याच तापमानाला सामू आठ झाला, की हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ तीसपट. चाचणीच्या थेंबांनी दोन्हीकडे सारखाच रंग दाखवला, तरी रिओ निग्रोसारख्या पाण्यातला मासा निवांत असेल आणि बोअरच्या पाण्यातल्या माशाचे पर जळत असतील. परदेशी पुस्तकातला ‘इतका अमोनिया चालतो’ हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, तो यामुळे.

गावात याला आणखी तीन गोष्टींची जोड मिळते. पहिली म्हणजे नळाच्या पाण्यातली टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीच्या टाकीत ती टाकली जाते आणि माणसांसाठी ती हवीच. पण त्यातला क्लोरीन माशाची त्वचा आणि फिल्टरमधले उपयुक्त जीवाणू दोन्ही मारतो. पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून हलवत राहिले, तर क्लोरीन निघून जातो. घाई असेल तेव्हा सोडियम थायोसल्फेट वापरतात. हे जुन्या फोटो स्टुडिओतले ‘हायपो’च.

दुसरी गोष्ट वीज. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी वाहायचे थांबले, की काही तासांत आतला प्राणवायू संपतो आणि उपयुक्त जीवाणू मरू लागतात. वीज आल्यावर फिल्टर तसाच सुरू केला, तर आतले सडके पाणी सरळ टाकीत येते. रात्रभर वीज गेली असेल, तर सकाळी फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात धुऊन मगच तो सुरू करावा. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप घरात असावा.

तिसरी गोष्ट मे महिना. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जीवाणू मात्र वेगाने वाढतात. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला, तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पण त्यात पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. ती तूट रोज बोअरच्या पाण्याने भरली, तर आधीच जड असलेले पाणी आठवड्यागणिक आणखी जड होत जाते.

निदान

फाटलेला प्रत्येक पर कुजलेला नसतो. दुसऱ्या माशाने चावा घेतला असेल, तर चीर सरळ आणि स्वच्छ असते, कडेला पांढुरकेपणा नसतो. अशी जखम चांगल्या पाण्यात आपोआप भरते. कापसासारखे पुंजके दिसत असतील, तर ती बुरशी असू शकते आणि ती बहुधा आधीच्या जखमेवर वाढते. पर कुजण्यात कड पांढरी, कधी लालसर दिसते आणि झीज दिवसेंदिवस आत सरकते. तोंडाभोवती राखाडी थर, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि काही तासांत पसरणारी झीज दिसली, तर कॉलम्नारेचा संशय घ्यावा. डिस्कसचा रंग काळवंडणे आणि त्याने कोपरा धरणे ही त्रासाची सामान्य खूण आहे. त्यावरून एकट्या रोगाचे नाव ठरत नाही.

रोज एकाच वेळी, एकाच बाजूने पराचा फोटो काढावा. उपचार लागू पडतो की नाही, हे आठवणीपेक्षा फोटो अधिक खरे सांगतो.

उपचार

पहिल्या दिवशी औषध नको. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि तापमान मोजावे आणि खाद्य थांबवावे. मोठा डिस्कस एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. मग क्लोरीन काढलेले, टाकीइतक्याच तापमानाचे पाणी घेऊन तीस ते पन्नास टक्के पाणी बदलावे. तळाशी साचलेली घाण नळीने ओढून घ्यावी.

इथे एक धोका आहे. अनेक महिने पाणी न बदललेल्या टाकीत सामू उतरलेला असतो आणि बराच अमोनिया निरुपद्रवी रूपात साचलेला असतो. त्यात एकदम आठ सामूचे भरपूर पाणी ओतले, तर तोच अमोनिया घटकाभरात विषारी होतो. ‘पाणी बदलले आणि मासे मेले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हे कारण असते. अशा टाकीत दहा-पंधरा टक्के पाणी दिवसातून एक-दोनदा, असे हळूहळू बदलत न्यावे.

दुसरी पायरी मीठ. काहीही न मिसळलेले साधे खडे मीठ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात वेगळ्या पाण्यात विरघळवून घालावे. मासा सहन करत असेल, तर दोन दिवसांत ते लिटरला दोन ते तीन ग्रॅमपर्यंत न्यावे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १९० लिटर पाणी बसते, म्हणजे एक ग्रॅमच्या हिशेबाने १९० ग्रॅम मीठ. जखमी त्वचेतून माशाच्या अंगातले क्षार पाण्यात झिरपत असतात. पाण्यात थोडे मीठ असले, की ही गळती कमी होते. मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. कॉलम्नारेलाही मीठ मानवत नाही. मीठ हवेत उडून जात नाही, त्यामुळे जेवढे पाणी बदलले तेवढ्यापुरतेच ते पुन्हा घालावे. पाणवनस्पतींना आणि तळाशी राहणाऱ्या काही माशांना ते सोसत नाही. त्यांच्यासोबत आजारी डिस्कस असेल, तर त्याला वेगळ्या टाकीत घ्यावे.

वेगळी टाकी म्हणजे तळात वाळू नसलेली साधी पेटी, मुख्य टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर आणि हीटर. डिस्कस कळपात राहणारा मासा आहे, एकटा पडला की बिथरतो. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावावा, उजेड कमी ठेवावा. तापमान अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर स्थिर ठेवावे. डिस्कस आजारी दिसला, की पाणी बत्तीस-तेहतीस अंशांपर्यंत तापवण्याची एक रूढ सवय आहे. काही परजीवींवर तिचा उपयोग होतो. पर कुजण्यात, विशेषतः कॉलम्नारेमध्ये, ती आगीत तेल ओतते.

यानंतर आठवडाभर रोज पाव टक्की बदलायची. दोन-तीन दिवसांत झीज थांबली, कडेचा पांढुरकेपणा गेला, मासा खाऊ लागला, तर आणखी काही करायची गरज नाही.

प्रतिजैविक: शेवटी, आणि विचारून

झीज पराच्या मुळाशी पोहोचली, अंगावर लाल रेषा दिसल्या किंवा वेग तासांवर आला, तर प्रतिजैविक लागते. पण दुकानात मिळालेली कॅप्सूल फोडून टाकीत ओतणे हा उपचार नव्हे. टेट्रासायक्लिन गटातली औषधे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटतात. पाणी जितके जड, तितके औषध क्षारांना बांधले जाते आणि माशापर्यंत कमी पोहोचते. पाणी पिवळे होते, फिल्टरचे नुकसान होण्याची शक्यता असते आणि जीवाणू मात्र अर्धवट मात्रेत तग धरायला शिकतात. हौशी माणूस मग मात्रा दुप्पट करतो. मासा खात असेल, तर खाद्यातून दिलेले औषध अधिक नेमके लागू पडते. कोणते आणि किती, हे पशुवैद्यकाने किंवा मत्स्यविज्ञानाच्या जाणकाराने ठरवावे. मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्रश्न विचारायला जागा नाही, असे नाही.

यात प्रश्न एका माशापुरता नाही. एरोमोनाससारखे जीवाणू औषधाला दाद न देण्याची क्षमता दुसऱ्या जीवाणूंना देऊ शकतात आणि ते माणसाच्या जखमेतही शिरू शकतात. औषधाचे पाणी विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. हाताला जखम असेल, तर टाकीत हात घालू नये.

दुष्काळी गावात ॲमेझॉनचा मासा

आता एक अवघड प्रश्न उरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात रोज पन्नास लिटर पाणी माशासाठी बदलणे शोभते का? मृदू पाण्यासाठी आरओचे यंत्र लावले, तर बादलीभर पाण्यामागे निदान तेवढेच, बहुधा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकले जाते. प्रश्न खरा आहे आणि तो टाळून हौस करू नये.

उत्तराचा काही भाग आकाशातून पडतो. पावसाचे पाणी क्षारांच्या बाबतीत रिओ निग्रोच्या जवळ जाणारे असते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे नऊशे लिटर पाणी होते. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुतली जाऊ द्यावी, नंतरचे पाणी फडक्यातून गाळून झाकणाच्या पिंपात भरावे. मात्र निव्वळ पावसाचे पाणी वापरू नये. फिल्टरमधले जीवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खर्च करतात. ती मुळातच नसेल, तर सामू एकदम कोसळतो. निम्मे बोअरचे आणि निम्मे पावसाचे, असे मिश्रण पुष्कळ चांगले चालते. उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भर मात्र पावसाच्या पाण्याचीच करावी. टाकीतून काढलेल्या, मीठ-औषध नसलेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते परसातल्या मिरची-वांग्याला घातले, तर वाया जात नाही. आणि जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो, तिथे त्या वर्षी डिस्कस आणू नये, हेही उत्तरच आहे.

जळकोटजवळच्या नळदुर्गात बोरी नदीवर १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांध घातला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पाणी चढले, की ते नर-मादी या दोन सांडव्यांवरून कोसळते. पाणी अडवायचे तर त्याला बाहेर जायची वाट ठेवायची, हे त्या बांधणाऱ्यांना माहीत होते. काचेच्या टाकीला असा सांडवा नसतो. तिच्यात टाकलेले खाद्य, माशाची घाण, मागे राहिलेले क्षार सगळे तिथेच साचते. ठरलेल्या दिवशी पाळणारा नळी लावून बादली भरतो, तो तिचा सांडवा.

आणि झिजलेला पर? पराचे मूळ शाबूत असेल, तर तो पुन्हा वाढतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्रूसोने याने १७८६ सालीच माशांचे कापलेले पर पुन्हा उगवतात असे नोंदवले होते. नवी वाढ आधी काचेसारखी पारदर्शक असते, रंग मागाहून भरतो. कधी एखादी काटी थोडी वाकडी येते आणि तशीच राहते. अशी वाकडी काटी असलेला डिस्कस विकायला कमी किमतीचा ठरतो. पाळणाऱ्याने मात्र त्या काटीकडे पाहून आपल्या वहीत त्या आठवड्याचा सामू, तापमान आणि वीज किती तास गेली होती, हे तपासावे.